कड्यावरची मोजदाद

सकाळच्या पारी कळकवाडीच्या खालची खोरी धुक्यानं भरून जातात. धरणाचं पाणी, पलीकडचा रस्ता, रस्त्यावरची हॉटेलं, सगळं त्यात बुडतं आणि समोरचा काळा कडा तेवढा पाया नसल्यागत वरच्यावर उभा राहतो. त्या वेळी जयसिंग घोंगडी पांघरून अंगणाच्या टोकाच्या दगडावर येऊन बसायचा आणि कड्याकडं तोंड करून विचारायचा,

"किती हायेत गं?"

गोजराबाई चुलीपुढून उठून यायची. गुडघे कुरकुरायचे. कपाळावर आडवा हात धरून ती कपारी न् कपारी बघायची.

"चार बसल्यात. आन एक उडालंय."

"म्हंजी पाच."

"व्हय की. पाच."

असायची चारच. कधी तर तीन. एक मिळवून सांगायची तिची सवय जुनी होती. जयसिंगचा एक डोळा काचबिंदूनं कायमचा गेला आणि दुसऱ्यात धुकं उतरलं, त्या वर्षापासूनची. गेलेली नजर माघारी येत नाही, आहे तेवढी राखा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन या बहाद्दरानं पहिली चौकशी केली ती गिधाडांची. तिनं मोजली तर दोन. त्याचं तोंड एवढंसं झालेलं बघून तिनं तीन सांगितली. एका गिधाडानं कुणाचं काय वाईट होणार होतं?

वाडीतले लोक याला वेडात काढायचे. ज्याला त्याला आपापले उद्योग होते. कुणी वाडीतच खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या, कुणी माळ विकून गाडी घेतली होती. जयसिंगचा स्वतःचा मुलगा किशोर लवळ्याच्या कॉलेजांच्या कँटीनना टेम्पोनं भाजी पोचवायचा. आणि म्हातारा सत्तरी ओलांडून गिधाडं मोजत बसलेला. पण त्याच्या लहानपणी वरच्या ढोरमाळावर मेलेलं जनावर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची. इतकी उतरायची की चालत्या सावल्यांनी माळ काळा व्हायचा. घटकाभरात हाडं उरायची, आणि जयसिंगची आई हात जोडून म्हणायची, जनावर सुटलं बाई. माणसासाठी दहाव्याला कावळा बघतात, तसं वाडीत जनावरासाठी गिधाड बघायचे. बांधावर बसून ते बघणारा पोरगा म्हातारा झाला, गिधाडं संपत आली, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट राहिली. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर एकदा ती उतरताना जवळून बघायची.

ही गोष्ट होण्यासारखी आहे, हे त्याला जान्हवीनं सांगितलं. ही मुलगी परभणीकडची. पक्ष्यांचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला. दोन वर्षांपासून जयसिंगच्याच पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहत होती आणि दुर्बीण घेऊन डोंगर तुडवत होती. तिच्याकडून घरादाराला कळलं की जनावरांना दुखण्यावर जी सुई देतात, तिचं औषध मेलेल्या जनावराच्या अंगात राहतं. गिधाडानं ते मांस खाल्लं की ते मान खाली टाकून बसून राहतं आणि चार-आठ दिवसांत खाली पडतं. जनावरांसाठी ती सुई बंद केली, तरी चोरूनमारून वापर चालूच. कड्यावर आता सात उरली होती. दोन घरटी, आणि त्यातल्या एकात यंदा पिल्लू.

"सात म्हणजे किती कमी, कळतंय का बाबा?" जान्हवी म्हणाली होती. "एका वाईट जनावरानं सगळी जातील. आणि एक चांगलं जनावर मिळालं, तर पिल्लाला महिनाभर ताकद."

तिनं देवळात सभाही घेतली. चित्रं लावली, औषधांची पाकिटं दाखवली. गोजराबाई गेली नाही. मांडी घालून बसायला गुडघा दुमडत नव्हता, आणि गुराढोरांच्या औषधाचं काय ते बाप्ये बघतील, असं तिला वाटलं.

राहिला प्रश्न जनावराचा. वाडीत ट्रॅक्टर आले आणि बैल गेले. एकच उरला होता, जयसिंगचा पाखऱ्या. वय अठरा. अंगावर पांढरे ठिपके, एक शिंग जरा खाली वाकलेलं. तो जन्मला त्याच रात्री गाय गेली, म्हणून गोजराबाईनं त्याला तांदळाची पेज पाजून वाढवला. भातखाचरांच्या पंधरा चिखलण्या त्यानं ओढल्या आणि आता दावणीला नुसता बसून खायचा. जयसिंगनं त्याला कधी सुई लागू दिली नव्हती.

"म्हातारा झालाय," जयसिंग त्याच्या वशिंडावर हात फिरवत म्हणायचा. "आपुनबी झालूया. पर ह्यो माज्या आदी जाईल, आन वर जाईल."

ऐकायला बरं वाटत नाही, पण त्याच्या म्हणण्यात माया होती.

माघ सरता सरता पाखऱ्या खाचरातल्या दगडी बांधावरून घसरला. मागचा खुबा गेला. चौघांनी बांबू घालून त्याला गोठ्यात आणला, तो परत उठला नाही.

तिथून घराचे दिवस पाखऱ्याभोवती फिरायला लागले. पहाटे किशोर टेम्पो घेऊन निघायच्या आधी त्याला कुशीवर वळवायचं. एका बाजूला किशोर आणि त्याची बायको शुभांगी बांबू रेटायचे, दुसऱ्या बाजूला जयसिंग शिंगं धरायचा, आणि गोजराबाई पोटाखाली सुकं गवत सारायची. वळवताना बैल असा काही हुंकार द्यायचा की शुभांगी दात आवळून घ्यायची. खुब्यावर कातडं सोललं होतं. गोजराबाई हळद-तेल लावायची, भाकरी पाण्यात भिजवून तोंडात घालायची, निरगुडीच्या फांदीनं माश्या हाकायची. तिसऱ्या दिवसापासून तो सारखा कण्हायला लागला.

जान्हवी म्हणाली, "बाबा, याच्या दुखण्यावर दुसरं औषध आहे. गिधाडांना त्यानं काही होत नाही, तपासलेलं आहे. मी पौडहून डॉक्टरांना आणते."

दारात वाडीचे माजी सरपंच दादासाहेब उभे होते. ते नसते तर जयसिंग कदाचित वेगळं बोलला असता.

"सुई ती सुई," तो मोठ्यानं म्हणाला. "माज्या दावणीला आजपातुर सुई शिरली न्हाई, आन आता बी शिरनार न्हाई."

"अवं पर त्याला दुखतंय," गोजराबाई म्हणाली.

"दुखंल. दुखून ऱ्हाईल. मोठ्या कामाला निघालाय त्यो."

"कसलं मोठं काम?" दादासाहेब हसले. "जयसिंगराव, गिधाडांची खानावळ घातली म्हना की सरळ!"

जयसिंगनं मान ताठ केली. माणूस एकदा लोकांदेखत ताठ झाला की त्याला वाकता येत नाही, तसं त्याचं झालं.

सातव्या दिवशी दुपारी सगळे राब भाजायला वर गेले. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, त्यावर शेण, टहाळ, पाला, गवत असे थर रचलेले होते. आग लागली आणि धूर डोंगरउतारावरून हळूहळू खाली वाडीवर आला. ऊन पिवळं झालं. सावरीची लाल फुलं त्या धुरात कुठंतरी आहेत एवढंच दिसत होतं. घरी गोजराबाई आणि पाखऱ्या दोघंच.

तो कण्हत होता. डोळ्यांतून पाणी येऊन नाकाडापर्यंत काळी रेघ उमटली होती. तिनं ती पदरानं पुसली, परत ओली झाली. तिच्याच्यानं बघवेना. तिला स्वतःचं दुखणं माहीत होतं. पाऊसपाण्यात गुडघा धरला की जीव नको व्हायचा, आणि जान्हवीनं पौडहून आणलेली पांढरी गोळी घेतली की घटकाभरानं पाय आपला नसल्यासारखा हलका व्हायचा. परवाच दोन पाकिटं आणून दिली होती पोरीनं.

तिनं डबा उघडला. एक गोळी म्हणजे एक गोजराबाई. तिनं बैलाकडं बघून हिशेब केला. याच्या अंगात आपल्याएवढ्या दहा बायका बसतील. दहाच्या दहा गोळ्या काढून तिनं भाकरीत कुस्करल्या, वरून गूळ घातला आणि गोळे करून त्याच्या जिभेवर ठेवले. त्यानं खाल्लं. तिच्या हातचं त्यानं कधी टाकलं नव्हतं.

थोड्या वेळानं कण्हणं थांबलं. पाखऱ्यानं मान लांब करून तिच्या मांडीवर टेकवली. केवढं ते ओझं, पण तिनं हलवलं नाही. धूर गोठ्यात शिरला होता, त्यात उन्हाचे पट्टे उभे होते. तिचे डोळे मिटले. तिला खाचरं पाण्यानं भरलेली दिसली, पाण्यात आभाळ, आणि त्या आभाळातून पाखऱ्या चिखल न उडवता चालत गेलेला. मागं औत नव्हतं. जाग आली तेव्हा बैल शांत झोपला होता आणि तिचा पाय मुंग्यांनी भरला होता. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

घरी तिनं सांगितलं नाही. माणसाचं औषध जनावराला घातलं म्हणून जयसिंग ओरडला असता, एवढंच तिच्या मनात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुसरं पाकीट त्याला घातलं. तिच्यासाठी एकही गोळी उरली नाही. त्याचं तिला काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाखऱ्या गेला.

"बघितलंस?" जयसिंग म्हणाला. "सुईबिगार गेला. किती शांत गेला."

जान्हवी वही घेऊन आली. ती प्रत्येक जनावराच्या मालकाला विचारायची तेच तिनं विचारलं. गेल्या दहा दिवसांत काही औषध? जयसिंग छातीवर हात मारून म्हणाला, "एक सुई न्हाई. लिव्ह." पाखऱ्याच्या तोंडावरून पाण्याचा हात फिरवत गोजराबाई ते ऐकत होती. डॉक्टर आला नव्हता, सुई दिली नव्हती, आणि गुडघ्याच्या गोळीचा गुरांशी काय संबंध? तिनं बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं.

मेलेलं जनावर ओढायचं काम एके काळी खालच्या आळीतल्या लोकांच्या माथी होतं. जयसिंगच्या बापाच्या वेळी त्यांनी एकजुटीनं ते सोडलं, आणि बरं केलं. तेव्हापासून वाडीतले लोक आपलं जनावर अंधारात, नाकाला फडकं बांधून, कुणी बघितलं नाही असं धरून ओढत नेत. जयसिंगनं मात्र दिवसाढवळ्या, वाडीच्या मधून न्यायचं ठरवलं. ट्रॅक्टरच्या मागं बांबूची ताटी, ताटीवर पाखऱ्या, आणि गाठ मारायला जयसिंग स्वतः. दिसत नव्हतं म्हणून दोर चाचपून चाचपून त्यानं गाठी मारल्या. किशोर ट्रॅक्टरवर मान खाली घालून बसला होता. भाडेकरूंची दोन पोरं गॅलरीतून मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती.

"किशोर, जरा हळू चालव रं," दादासाहेब पारावरून ओरडले. "पाव्हनं जेवायला यायचंत. मालाची नासाडी नगं."

पारावर हशा पिकला. किशोरचे कान लाल झाले.

"तूबी चल," जयसिंग गोजराबाईला म्हणाला. "बायका जात न्हाईत, मला ठावं हाय. पर तुज्या हातचं खाऊन वाढलाय त्यो."

ती निघाली. गोळीवाचून दुसरा दिवस. चढावर प्रत्येक पावलाला गुडघ्यात सुरी फिरत होती. तरी ती गेली, कारण म्हातारा इतका खूश तिनं नातवंडाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

ढोरमाळ म्हणजे डोंगराच्या खांद्यावरचं सपाट रान. एका कडेला करवंदीच्या जाळीत जान्हवीनं कारवीच्या काड्यांचं आणि पोत्यांचं लपण केलं होतं. किशोरनं ताटी मधोमध सोडली आणि ट्रॅक्टर घेऊन खाली गेला. पोत्याला पाडलेल्या भोकाशी जयसिंग बसला, त्याच्या शेजारी जान्हवी, आणि मागं पाय लांब करून गोजराबाई.

वारा पडला होता. करवंदीची फुलं दरवळत होती. आधी कावळे आले. मग एक कुत्रं येऊन लांब बसलं. ऊन चढलं तसं सगळं रान हलल्यासारखं व्हायला लागलं, पाखऱ्याही हलल्यासारखा वाटे. गोजराबाईला पेंग येत होती, आणि पेंगेत राबाचा वास येत होता.

"आली," जान्हवी कुजबुजली. "बाबा, वर. अगदी वर."

आभाळात दोन ठिपके. मग चार. न हलणाऱ्या पंखांनी ते गोल फिरत होते आणि प्रत्येक फेरीला थोडे मोठे होत होते. जयसिंगनं भोकाला डोळा लावला होता. त्याला काय दिसत होतं देव जाणे.

गोजराबाईनं पाय आखडून घेतला आणि कळ येऊन ती विव्हळली.

"आजी, गोळी नाही घेतली आज?" जान्हवीनं मागं न बघता हळू विचारलं.

"संपल्या."

"एवढ्यात? याच आठवड्यात वीस आणल्या होत्या. जास्त घेऊ नका हो, पोटाला वाईट." मग तिला काही आठवलं. "आणि ती रिकामी पाकिटं गोठ्याकडं टाकू नका हां. मी सभेत दाखवलेली पाकिटं तीच होती. त्या सुईत जे असतं तेच या गोळीत. माणसाला चालतं, गिधाडाला चालत नाही. दुसऱ्या एका गावात कुणी बैलाला चारल्या होत्या, आठ गिधाडं गेली."

ती परत वर बघायला लागली. "पाच... सहा. बाबा, सगळी येताहेत!"

गोजराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. एक गोळी म्हणजे एक गोजराबाई. दहा आणि दहा. तिनं नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. हा माणूस कितीतरी वर्षं या घटकेची वाट बघत बसलेला. सांगायचं कसं? वाटलं, नसेलही तसं. पाखऱ्या केवढा मोठा, गोळ्या केवढ्या लहान. जिरल्या असतील. बघू दे एकदा म्हाताऱ्याला. एकदाच बघू दे.

"सात," जान्हवी म्हणाली.

वारा फाडल्याचा आवाज झाला आणि पहिलं गिधाड माळावर उतरलं. पाय टेकून दोन उड्या मारल्या, पंख मिटले. मग ते वाकडं वाकडं चालत पाखऱ्याकडं निघालं. जयसिंगच्या घशातून बारीक आवाज निघाला.

गोजराबाई उठली.

"आजी, बसा! आजी!"

ती पोती फाडून बाहेर पडली. गुडघा होता की नव्हता तिला कळलं नाही. डोक्यावरचा पदर ओढून तिनं गोल फिरवला आणि धावत, लंगडत, ठेचकाळत ओरडत सुटली, "हाऽड! हाऽऽड! नगा खाऊ! माज्या बैलाला नगा शिवू!" गिधाड पाखऱ्याच्या डोळ्यापाशी पोचलं होतं. चोच पुढं केली होती. ती चार हातांच्या अंतरावर पोचली तेव्हा त्यानं तिच्याकडं बघितलं आणि पंख उघडले. त्या वाऱ्यानं तिच्या तोंडावर माती उडाली. ते उडालं. वरची सहा गिधाडं वरच थांबली.

ती पाखऱ्याला पाठ लावून खाली बसली आणि रडत मोठ्यानं सांगायला लागली, गोळ्यांचं, भाकरीचं, गुळाचं. जान्हवी धावत आली, ऐकलं आणि तिच्या शेजारी मातीत बसली.

"मीच आणल्या होत्या," ती म्हणाली. "तुम्हाला एकदा सांगायचं नाही सुचलं मला."

लपणातून जयसिंग बाहेर आला नाही.

ती दुपार गोजराबाई विसरणार नाही. जान्हवी किशोरला बोलवायला खाली गेली. उन्हात उघड्या डोक्यानं, हातात करवंदीची फांदी घेऊन गोजराबाई आपल्याच बैलाची राखण करत बसली. कावळे हाकले, कुत्रं हाकलं, आणि वर फिरणाऱ्या त्या सात पाखरांना हात हलवून जा म्हणत राहिली. ती गेली नाहीत. त्यांना भूक लागली होती, पिल्लू घरट्यात वाट बघत होतं, हे तिला कळत होतं. ऊन कललं तशी एकेक करून ती कड्याकडं सरकली.

किशोर जेसीबी घेऊन आला. मागून दादासाहेब आले, खांद्यावर मिठाचं पोतं. या वेळी त्यांना काही विनोद सुचला नाही. दुसरं पोतं त्यांनी स्वतः खाली जाऊन आणलं. खोल खड्ड्यात पाखऱ्याला उतरवलं, मीठ घातलं, माती लोटली.

"वर जायचा व्हता," जयसिंग एवढंच म्हणाला, आणि शुभांगीचा हात धरून खाली उतरला. बायकोचा धरला नाही.

नंतरचे दिवस मुके गेले. तो जेवायचा, घोंगडी पांघरून दगडावर बसायचा, पण विचारायचा नाही. गोजराबाई मात्र रोज धुक्यात त्याच्या मागं येऊन उभी राहायची. तिच्या पोटात वेगळीच भीती होती. त्या गिधाडाची चोच पुढं होती. लागली असेल का? एक घास गेला असेल का? जान्हवी सांगायची, मान टाकून बसलेलं दिसतंय का ते बघायचं. गोजराबाई डोळे फाडफाडून माना बघायची. कधी चार दिसायची, कधी पाच. एक दिवस एक गिधाड मान खाली घालून बसलेलं दिसलं आणि ती अंगणातच खाली बसली. पण ते पंख साफ करत होतं. देवघरासमोर तिनं कधी स्वतःच्या पोरासाठी मागितलं नसेल इतकं त्या दिवसांत सात गिधाडांसाठी मागितलं.

दहाव्या दिवशी धुकं लवकर फाटलं. कड्यावर ऊन पडलं. तिनं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली, परत पहिल्यापासून मोजलं. पडवीत जान्हवीही दुर्बिणीला डोळे लावून उभी होती, आणि हसत होती.

"किती हायेत गं?"

तिला वाटलं भास झाला. जयसिंग कड्याकडंच तोंड करून बसला होता.

"सात," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं तोंड फिरवलं. "त्यातलं एक तुजं न्हवं?"

"म्हंजी? तुमाला ठावं व्हतं?"

"दोनाचं तीन करताना आवाज बारीक व्हतो तुजा. पयल्या दिसापासनं."

"मग बोलला न्हाईत ते?"

"कशाला बोलू? तू मिळवायचीस, मला बरं वाटायचं."

तिला रडू आवरेना. "आज न्हाई मिळवलं. द्येवाशप्पत. चार कपारीत, दोन घरट्यापाशी, एक वरल्या सुळक्यावर. पिलू बी मान वर करतंय."

जयसिंगनं मान डोलावली.

"त्या पोरीचं ऐकून दुसरी सुई दिवू दिली असती," तो म्हणाला, "तर तुला गोळ्या घालायची पाळी आली नसती. माज्या ताठ्यापायी कण्हला त्यो इतकं दीस." घोंगडी आवरून तो दगडावर बाजूला सरकला. "बस हितं."

ती बसली.

"मला तर काय दिसलंच न्हाई. नुसता एक अंधार खाली आला. तू जवळ गेली व्हतीस. कसं व्हतं गं?"

तिनं सांगितलं. मानेला पिसं कमी, पण गळ्याशी पांढरी लोकर. चालणं म्हाताऱ्या पाटलासारखं, ऐटीत आणि जरा लंगडत. डोळा काळाभोर, आणि त्या डोळ्यात तिला स्वतःचा फिरणारा पदर दिसला. पंख उघडले तेव्हा अंगणाएवढी सावली पडली तिच्यावर, आणि वारा असा लागला की श्वास कोंडला.

जयसिंगनं दोन्ही डोळे मिटून घेतले होते. चेहरा वर, उन्हात.

"पुन्यांदा सांग," तो म्हणाला. "उतरलं तितनं सांग. सावकाश."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. गोजराबाई उठली नाही. तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.